लाखलनचा आयरिस

स्कॉटलंडजवळच्या आमच्या साउथ युइस्ट बेटावर लाखलनइतका आळशी माणूस नाही, असं सगळे म्हणतात. घरामागच्या पाणथळीतला पिवळ्या फुलांचा, उंच पात्यांचा आयरिस तो कापतच नाही.

"काका, विळा गंजला का?" मीही चिडवलं.

"एकदाच चालवला," तो म्हणाला.

दर वसंतात त्या आयरिसमध्ये दडून करकऱ्या पक्षी रात्रभर ओरडायचा, आणि शोनागकाकू त्याला शिव्या घालायची. ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला झोप मिळावी म्हणून पक्षी यायच्या आधीच काकाने आयरिस कापला.

"आपला करकऱ्या अजून आला नाही का रे?" ती शेवटपर्यंत विचारत राहिली.

"वाटेत असेल," काका म्हणायचा.

आता आयरिस पुन्हा कमरेएवढा वाढलाय. पक्षी आलेला नाही. काका खिडकी उघडी ठेवून झोपतो.