माणसं किती, बाया किती

"सिस्टर, ज्या गावात एकही बाई नाही, तिथे बाळंतपणाचं केंद्र कुणासाठी मागताय?"

साहेबांनी हे अगदी शांतपणे विचारलं, त्यामुळे मी जास्तच गोंधळले. मी नर्स-मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणं करणारी नर्स. मूळची साताऱ्याकडची. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि साहेब, क्लार्क, मी, आम्ही सगळे तिकडून इकडच्या जंगलात येऊन पडलो होतो. वैनगंगेपलीकडच्या एका गावासाठी मी केंद्र मागितलं होतं. वस्ती पुरेशी भरली तरच ते मिळणार होतं. क्लार्क पाटलाच्या ओसरीवर बसून मोजणी करून आला, तर गावात सगळे पुरुषच.

"बांबू तोडणाऱ्या मजुरांचा कॅम्प असेल," साहेब म्हणाले. "आज आहे, उद्या उठेल. फाइल बंद करू."

"साहेब, तिथली एक बाळंतीण बैलबंडीत माझ्या डोळ्यांदेखत गेलीय."

त्यांनी फाइल बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुम्हीच जाऊन बघून या."

त्या गेलेल्या बाईची धाकटी जाऊ भागीरथी आता पोटुशी होती. माझा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता.

गेले. भागीरथीची सासू सोनाबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. सोबत लेकी, शेजारणी. बायकाच बायका. मला काही कळेना. शेवटी क्लार्कचाच प्रश्न विचारून पाहिला.

"सोनाबाई, तुमच्या घरात माणसं किती?"

"तीन. माहा बुढा अन् दोन पोरं."

"आणि तुम्ही?"

मला वेड लागलंय की काय, अशा नजरेनं तिनं पाहिलं. "मी माणूस कायची? मी बाई आहो."

"मग क्लार्कला बाया का नाही सांगितल्या?"

"आमी मोह वेचाले गेलतो. अन् त्यानं बाया इचारल्या कुठी? माणसं इचारली, बुढ्यानं माणसं सांगतली. तुमच्याकडं बाईले माणूस म्हणतेत का?"

"म्हणतात," मी म्हटलं. कधी म्हणतात, ते मात्र पटकन आठवेना.

तर इकडे माणूस म्हणजे पुरुष. एखादीचा 'माणूस' म्हणजे तिचा नवरा. मी घरोघर फिरून बाया-पोरींसकट नवा आकडा नेला. साहेब चिडलेच.

"आठवड्यात वस्ती दुप्पट? अशी वाढ उंदरांतसुद्धा होत नाही."

शब्दाचा घोळ मी परोपरीनं समजावला. त्यांना वाटलं, घोळ मीच घालतेय. मग ते स्वतःच निघाले.

सोनाबाईच्याच अंगणात उभं राहून त्यांनी विचारलं, "माणसं किती?"

सोनाबाईनं बोटांवर मोजलं. "सात जी. सिस्टरबाईनं सांगतलं, मीबी माणूसच आहो."

"बरं. आणि बायका किती?"

"चार."

"अकरा," साहेब म्हणाले आणि पुढच्या घराकडे वळले. सोनाबाईची शिकवण गावभर पोचलेली होती, त्यामुळे घरोघर तसंच झालं. बाया दोनदा मोजल्या जातायत, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण भागीरथी दाराला टेकून, कंबरेवर हात ठेवून उभी होती. मी तोंड मिटलं. खरा आकडा जेमतेम काठावर होता. आता तो काठावरून वाहायला लागला.

परत येताना साहेब काळजीनं म्हणाले, "सिस्टर, या भागाची लोकसंख्या फारच झपाट्यानं वाढतेय हो."

केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक स्टोव्ह. पण भागीरथी तिथेच बाळंत झाली आणि दोघी सुखरूप राहिल्या. मला रडू आवरेना. डोळे पुसून मी बाहेर आले, म्हटलं, "मुलगी झाली."

सोनाबाईनं आत डोकावून बाळ बघितलं. मग म्हणाली, "लिवून घ्या मंग. एक माणूस वाढला."

मी लिहिलं, एकदाच. पुढे मोजणीला निघालेल्या प्रत्येक क्लार्कला मी एवढंच बजावत असे, माणसं विचारू नका, डोकी विचारा. डोकं सगळ्यांनाच असतं, निदान मोजण्यापुरतं.