मागेपर्यंत थांबायला शिकले

आक्का, मंडणगडच्या स्टँडवर आपण उभ्या होतो तेव्हा तिघींपैकी कुणीच रडलं नाही. रत्नागिरीची गाडी लागली होती. यांनी ट्रंक आणि तांदळाचं बोचकं आत चढवलं होतं. आमची लेक दीपाली खिडकी धरून बसली होती. आई माझ्या पदराचं टोक हातात धरून एकच सांगत होती, "बाय, परक्या गावात कुनाकडं काय मागू नको. आनि तुज्या दारात कोन आला, तर त्याला मागायला लावू नको." तू हसून म्हणालीस, "आये, ही मागतेय कसली? हिच्या तोंडातून शबूद बाहेर पडंल तर ना!"

खरंच होतं ते. चौथीत शाळा सुटली ती मी वर्गात उत्तर द्यायला लाजत होते म्हणूनही सुटली. भातलावणीचं काम हे वरचं कारण झालं. हे सगळं मी तुला उद्देशून लिहितेय, पण तुझ्याकडे पाठवेन असं वाटत नाही. लिहिताना तू समोर असलीस की हात चालतो, एवढंच.

आपल्या गावातून माणूस निघतो तो मुंबईला. यांची मुंबईतली कँटीन बंद पडली आणि रत्नागिरीत बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं, म्हणून आमची वाट वेगळी झाली. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची एक खोली भाड्याने घेतली. सुरुवातीला मासळीचा वास सकाळी उठवायचा. आता तो येतो की नाही तेही कळत नाही. मी गप्पच होते. नळावर बायका बोलायच्या आणि मी हंडा भरून परत यायचे.

मग मला एका केंद्रात झाडलोटीचं काम मिळालं. ज्या मुलांना बोलायला, लोकांत मिसळायला जड जातं अशा मुलांचं ते केंद्र. तिथे ओवी नावाची सहा वर्षांची मुलगी येते. ती बोलत नव्हती. कुणी नवीन माणूस जवळ आलं की कान दाबून कोपऱ्यात जायची. मी फरशी पुसायला लागले की मात्र माझ्या बाजूला येऊन बसायची. आम्ही दोघी गप्प. आमचं छान जमलं.

तिथल्या प्रज्ञा मॅडम वयाने माझ्या धाकट्या बहिणीसारख्या. त्यांनी ते पाहिलं आणि एक दिवस म्हणाल्या, "मावशी, सहायकाची परीक्षा द्या. शाळेची अट नाही. तोंडी विचारतात आणि मुलाबरोबर काम करून दाखवायचं." ओवीसाठी एक पूर्ण वेळचं माणूस हवं होतं. मी पास झाले तर ते माणूस मी. नाही झाले तर बाहेरून कोणीतरी येणार, आणि ओवी पुन्हा कोपऱ्यात जाणार. मी रात्रभर नाही म्हणायचं ठरवलं आणि सकाळी मान हलवली ती होकाराची.

अभ्यास सुरू झाला. वागणूक कशी तयार होते, कशी वाढते, कशी कमी होते, याचं ते शास्त्र. शब्द सगळे इंग्रजी. रिइन्फोर्समेंट हा शब्द माझ्या जिभेवर बसायला फार वेळ लागला. दीपाली नववीत होती, ती वाचून दाखवायची आणि मी बांगडे साफ करता करता म्हणायचे. हे कारखान्यातून आले की दारातूनच विचारायचे, "काय मास्तरीणबाई, आज कुठला धडा?"

शब्द अवघड, पण आतली गोष्ट ओळखीची होती. प्रॉम्प्ट म्हणजे मदतीचा इशारा, आणि तो हळूहळू काढून घ्यायचा. आठव, आईने मला लावणी कशी शिकवली. आधी माझ्या हातावर हात ठेवून रोप चिखलात रोवलं. मग नुसतं कोपराला बोट लावलं. मग बांधावर उभी राहून बघत राहिली. शेवटी बघायलाही नाही आली. हात काढून घ्यायचं राहून गेलं असतं, तर मी अजून तिच्या हातानेच लावत बसले असते. रिइन्फोर्समेंट म्हणजे वागणं वाढवणारं बक्षीस. पण आपल्याला जे आवडतं ते बक्षीस नव्हे. जे मिळाल्यावर मूल तेच पुन्हा करतं, ते खरं. एखादं पोर ओरडतं आणि आपण धावत जाऊन रागावतो. त्याला आपलं धावत येणंच हवं असतं, मग ते आणखी ओरडतं. हे समजलं त्या दिवशी मी दीपालीकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "आई, माझ्यावर प्रयोग नको हां."

वाचण्यात अडले नाही, अडले ते हातात. ओवीला कुरमुरे फार आवडतात. तिने डब्याकडे पाहिलं की तिच्याकडून "दे" हा शब्द यावा, असं आम्हाला शिकवायचं होतं. ती पाहायची आणि माझा हात आपोआप झाकण उघडायचा. प्रत्येक वेळी. आपल्याकडे पाहुण्याने तोंड उघडायच्या आत ताट पुढे जातं. मागेपर्यंत थांबणं म्हणजे आपल्याला माणसाचा अपमानच वाटतो. प्रज्ञा मॅडम दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पाहुणचार करताय. शिकवायचं राहिलंय." मी म्हटलं, "उपाशी पोराला कसं थांबवू?" त्या म्हणाल्या, "उपाशी नाही ती, नाश्ता करून आलीय. जेवण-पाणी आपण कधीच अडवत नाही. पण आवडीची गोष्ट तुम्ही न मागता दिलीत तर तिला शब्दाची गरजच काय? उद्या तुम्ही नसाल तिथे ती कशी मागेल?"

हे मला लागलं. मी घरी आले तरी तेच डोक्यात. मला कधी काही हवं असलं तर मी नुसती बघते. यांनी ओळखलं तर मिळतं, नाहीतर राहतं. मी ओवीला माझ्यासारखीच करत होते.

मग मी थांबायला शिकले. डबा दिसेल असा धरायचा, झाकणावर हात ठेवायचा आणि थांबायचं. पहिल्यांदा ओवीने माझा हात ओढला, चेहरा वाकडा केला. मी झाकण उघडलं नाही. मी फक्त ओठांनी "दे"चा आकार केला. आवाज नाही. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "दे." मी इतके कुरमुरे दिले की निम्मे जमिनीवर सांडले. मॅडम हसत म्हणाल्या, "झाडणारी तुम्हीच आहात म्हणून बरं!"

परीक्षेला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. ओवीबरोबरचं काम नीट झालं, तिने दोनदा मागितलं, मी ओठही हलवले नाहीत. मग तोंडी. माझ्या समोर खुर्ची, टेबल, आणि त्या बाई. त्यांनी एक मोठा प्रश्न विचारला. पुण्याचं बोलणं भरभर, त्यात इंग्रजी, आणि मला कळलाच नाही. मी टेबलाकडे बघत बसले. त्याही थांबल्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. कुणीही ओळखून मदत करणार नव्हतं. मी म्हटलं, "बाई, मला कळलं नाही. सावकाश परत विचाराल का?" हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"हो, जरूर," त्या म्हणाल्या, आणि सावकाश विचारलं. निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा का? मी म्हटलं, "नाही. नकोशी गोष्ट बंद होते, म्हणून ते वागणं वाढतं. आमच्या खोलीत नंतर नळ आला, तो गळत होता. मी तोंडाने काही न सांगता रोज यांच्या कानाशी भांडी आपटली. यांनी नळ दुरुस्त केला आणि माझी आदळआपट थांबली. आता काही गळायच्या आत हे पाना घेऊन उठतात." त्या बाई चष्मा काढून हसल्या आणि म्हणाल्या, "आणि तुमच्या मिस्टरांना हे माहितीय का?" मीही हसले. अनोळखी माणसासमोर तोंड न झाकता हसले.

पास झाले, आक्का. आता ओवीबरोबर मीच असते. शेवटचा धडा मात्र परीक्षेनंतर कळला. केंद्रात शिकलेलं मुलाला घरी, दुकानात, आजोळी जमलं, तरच ते शिकणं पक्कं. ओवीच्या आईने परवा सांगितलं की तिने आजीकडे "दे" म्हणून चिक्की मागितली. ती आजी रडली म्हणे.

आणि माझं? यंदा शिमग्याला मी गावी आले, देवाची पालखी आईच्या घरी आली, पुढची ओटी पुरुषमाणसांनी भरली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात नेहमीसारखी उभी होते. खालच्या वाडीचे म्हातारे अण्णा डोळे बारीक करून म्हणाले, "कुनाची गो तू?" आपल्याकडे याचं उत्तर बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाने द्यायचं आणि आत जायचं. तू माझ्यासाठी उत्तर द्यायला तोंड उघडलंस, मी पाहिलं. पण मी पुढे झाले. बाबांचं नाव सांगितलं, यांचं सांगितलं, आणि मग म्हटलं, "रत्नागिरीला असते. न बोलणाऱ्या पोरांना मागायला शिकवते. परीक्षा दिलीय त्याची."

मग अण्णा म्हणाले, "मंग बस की गो हितं. हुबी कशाला?" आणि माणसांनी सरकून जागा केली. मी बसले. लहानपणापासून त्या घरात वावरले, पण त्या ओटीवर माणसांत अशी कधी बसले नव्हते. बाहेर जाऊन आले, तेव्हा कुठे ते माझं घर झालं.