तुलनेसाठी राखलेली गल्ली

माझी मावशी घरोघर जाऊन बायकांना नळीत फुंकायला लावायची आणि त्याचा तिला पगार मिळायचा. सुरुवातीला मला हे जगातलं सगळ्यात सोपं काम वाटे. लोक तिला चौकशीबाई म्हणत, कारण फुंकून झालं की तिचे प्रश्न सुरू व्हायचे. खोकला कधीपासून आहे, शेगडी केव्हा पेटवता, खिडकी उघडी ठेवता का. आमच्या आईची ती सख्खी थोरली बहीण, पण आमच्या घरी आली तरी तेच प्रश्न, तितक्याच कोरड्या तोंडानं.

गिरणीनं कामगारांसाठी बांधलेल्या दोन गल्ल्या होत्या, वरची आणि खालची. घरं एका साच्यातली. पुढे एक खोली, मागे बोळाला लागून अंधारं स्वयंपाकघर, त्यात कोळशाची शेगडी. पगार सारखे, शाळा एक, नळावरची भांडणंसुद्धा सारखीच. असं काही सापडलं की विद्यापीठातल्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. दोन सारख्या गोष्टी घ्यायच्या, एकीत एक बदल करायचा, दुसरीला हात लावायचा नाही, आणि काय फरक पडतो ते बघत बसायचं. आधी शिक्षणवाले आले. त्यांनी वरच्या गल्लीत पोरांसाठी संध्याकाळचे वर्ग काढले आणि परीक्षा मात्र दोन्ही गल्ल्यांची घेतली. मग अर्थशास्त्रवाले आले. त्यांनी वरच्या बायकांना बिनव्याजी कर्ज दिलं आणि घरखर्च सगळ्यांना विचारला. शेवटी डॉक्टर आले, वरच्या प्रत्येक शेगडीवर पत्र्याचं धुरांडं बसवलं आणि नळीत फुंकवून दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांचा दम मोजायला मावशीला नेमून गेले. विषय बदलले, पद्धत तीच. वरच्या गल्लीला काही ना काही मिळायचं, आम्हाला प्रश्न मिळायचे.

मावशी वरच्या गल्लीत राहायची, आई खालच्या. लग्नं जिथे झाली तिथे दोघी गेल्या, एवढंच. पण चढ चढून गेलं की बहिणीचं घर, म्हणून आई निम्मा दिवस तिकडेच असायची. दोघी एकाच शेगडीवर दोन्ही घरचं रांधायच्या आणि आपापलं पातेलं उचलून न्यायच्या. धुरांडी बसली आणि हे थांबलं. मावशीच म्हणाली, "आता जिचं तिनं करू या." कारण सांगितलं नाही. खालच्या बाईनं वरच्या धुरांड्याखाली स्वयंपाक केला तर ती कुठल्या गल्लीची धरायची, असा प्रश्न होता, आणि तो कुणाला सांगायची मावशीला बंदी होती. आईनं तिच्या परीनं अर्थ लावला.

"ताईला शिष्टपणा आलाय," ती म्हणाली. "धुरांडं काय बसलं, सख्खी बहीण जड झाली."

दोन-तीन वर्षं गेली. दर महिन्याला मावशी यायची, नळी पुसायची, आईपुढे धरायची. आई गंमत करायची, "सकाळभर शेगडीत फुंकायचं आणि दुपारी तुझ्या नळीत. माझा जन्म फुंकण्यातच जायचा." फुंकून झालं की तिला खोकल्याची उबळ यायची. ती ओसरली की ती विचारायची, "किती आलं गं?"

"बरंय."

"तू बरं म्हणतेस म्हणजे बरंच असणार," असं म्हणून आई परत कोळसे सारायला लागायची.

बरं नव्हतं. नळीवरचा काटा दर खेपेला थोडा खाली थांबत होता. आकडा खालच्या गल्लीत कुणाला सांगायचा नाही असा नियम होता. सांगितला की लोक घाबरतात, खिडक्या मोठ्या करतात, शेगडी बाहेर ओढतात, आणि मग तुलना कशाशी करायची? मावशीनं एकदा मोठ्या सरांना विचारलं होतं. हे सर या सगळ्या पाहणीचे प्रमुख. बहिणीच्या घरी आपल्या खर्चानं धुरांडं बसवू का, असं तिनं विचारलं. सर बोलायला गोड. ते म्हणाले, "आज तुमची बहीण, उद्या दुसऱ्या कुणाची. एकेक घर बदलत गेलं तर सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल. हे सिद्ध झालं तर कुठल्या कुठल्या गावांतल्या बायकांच्या घरी धुरांडी बसतील. त्यांचाही विचार करा." मावशीनं त्यांचा विचार केला. न पाहिलेल्या हजारो बायकांसाठी ती पाहिलेल्या एकीपुढे तोंड शिवून बसली. तिला यात मोठेपणा वाटायचा की भीती, हे मला अजून कळलेलं नाही. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते, आणि दोन्ही एकदमच येतात.

त्या थंडीत खिडक्या बंदच राहिल्या आणि आई गेली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर बाबांवरच खेकसले, "इतके दिवस काय झोपा काढत होता?" बाबा गिरणीच्या गोदामात हमाली करणारे. ते खाली मान घालून उभे राहिले. मावशी दाराशी होती. तिनंही मान खाली घातली.

दिवस पार पडले आणि शेगडीपुढे मी बसायला लागले. माझं लग्न ठरायचं होतं, ते लांबलं. मग एका दुपारी मावशी नळी घेऊन दारात उभी राहिली. सरांच्या हिशेबात एक घर कमी झालं होतं आणि त्याच्या जागी तसंच दुसरं हवं होतं. तसंच म्हणजे तीच खोली, तोच धूर, रांधणारी एक बाई. आमच्याइतकं तसंच घर दुसरं कुठे मिळणार?

"फुंक," ती म्हणाली.

मी फुंकलं. शेवटी मलाही खोकला आला. आईला यायचा तसाच, आधी कोरडा आणि मग खोल. तोंड पुसून मी विचारलं, "किती आलं गं?"

मावशीनं काटा वाचला. मग तिनं आकडा सांगितला. मला त्यातलं काही कळलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या आईचा पहिल्या वर्षी याहून जास्त होता." एवढं बोलून ती उठली आणि नळी तिथेच टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चढ उतरत आली ती खांद्यावर काळाकुट्ट पत्र्याचा पाइप घेऊन. स्वतःच्या घरचं धुरांडं तिनं उपटून आणलं होतं. लुगडं काजळीनं माखलेलं, हात खरचटलेले. बाबांनी छपराला भोक पाडलं, तिनं खालून पाइप धरला. सगळी गल्ली बघत होती. कुणीतरी म्हणालं, चौकशीबाईचं डोकं फिरलं. ती ओरडली, "फिरलंय! आता तुम्हीही आपापली छपरं फोडा!" कुणी फोडली नाहीत. पाहणी संपली की सगळ्यांना फुकट धुरांडी मिळणार, असा शब्द सरांनी दिलेला होता.

मोठे सर आठवड्याभरात स्वतः आले. मावशी आमच्याच घरी होती, म्हणून इथेच बसले. ती कामावरून गेली हे त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं. मावशीला वेगळीच धास्ती होती. त्या दूरच्या बायकांचं आपण वाटोळं केलं, असं ती आठवडाभर घोकत होती. तेच तिनं सरांना बोलून दाखवलं. ते ऐकून सर हसले.

"छे हो, तसं काही मनावर घेऊ नका. दोन घरं वगळली, तुमचं आणि हे. इतक्या घरांत एखाददुसरं घर वगळलं तर निष्कर्षात काडीचा फरक पडत नाही. तुलना पक्की आहे."

मी चहाचं आधण उतरवत होते. ते मी परत शेगडीवर ठेवलं.

मावशीनं हळू विचारलं, "म्हणजे मी विचारलं तेव्हाही वगळता आलं असतं?"

"हो, केव्हाही." सरांनी चष्मा पुसला. "कुठलं घर म्हणताय?"

"हेच," मावशी म्हणाली. "तुम्ही बसलाय ते."