फौजदारकाकीच्या कोरियन कॅसेटी

कोरियन भाषेतलं एक अक्षर कळत नसताना फौजदारकाकीने त्या मालिकेतल्या पांढऱ्या दाढीच्या प्रधानाला पहिल्याच भेटीत चोर ठरवलं. "बघ कसा वाकतो राजापुढे! एवढा वाकणारा माणूस काहीतरी उचलायलाच वाकतो," ती म्हणाली. पुढे त्याच प्रधानाने राजपुत्राच्या मुसक्या बांधवल्या, तेव्हा मी तोंडात बोट घातलं. काकी मात्र निवांत सुपारी कातरत होती.

तिच्या घराण्यात फौजदार कोणी नव्हता. नवरा नारळाचा व्यापारी, तोही लवकर वारला. हे नाव मांडवीतल्या आमच्या आळीने ठेवलं होतं, तिच्या उलटतपासणीपायी. सन ऐंशीच्या पुढची गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन साताऱ्याकडून आले होते आणि आम्ही तिच्याच घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहत होतो. पहिल्या दिवशी मी तिला शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली, तर तिने वाटी नाकाशी धरली आणि विचारलं, "का गो, काय काम हाय?" मला असा राग आला! चटणी मात्र तिने संपवली आणि वाटी आंबोळ्या ठेवून परत पाठवली.

तिचा एकुलता एक मुलगा दिनू कोरियन बोटीवर खलाशी होता. मागच्या सुटीत त्याने टीव्ही आणि व्हिडिओ आणून दिला होता. त्यानंतर तो काही साइन ऑफ होऊन, म्हणजे बोटीवरचा करार संपवून, घरी आला नाही. आल्या त्या कॅसेटी. बोटीवरचा भटारी, म्हणजे स्वयंपाकी, कोरियन होता; त्याला त्याच्या घरून टीव्हीवरच्या मालिका टेप करून येत. त्या बघून झाल्या की दिनू गावी येणाऱ्या कोणाबरोबर तरी त्या आईकडे धाडी, वर निरोप असे की काम वाढलंय, पुढच्या खेपेला येतो. "बोट तिकडची, कॅसेट तिकडची. आता मुलगा कुठला म्हणायचा?" काकी म्हणे. तिकडे त्याचं कोणीतरी आहे, हा तिचा संशय होता. ती त्या मालिका करमणुकीसाठी बघतच नव्हती. ती माणसं कशी आहेत, आपला मुलगा कोणाच्या हाती लागलाय, याचा तपास चालला होता. मी सोबतीला असे, कारण मशीनची बटणं तिला सापडत नसत.

कॅसेटींवरची नावं वाचता येत नसल्यामुळे कधी शेवट आधी बघायला मिळे. काकीची तक्रार नसे. शेवट ठाऊक असला की लबाड माणूस सुरुवातीलाच ओळखता येतो, असं तिचं म्हणणं. एका मालिकेत गिरणीत काम करणाऱ्या गरीब मुलीवर श्रीमंताचा मुलगा जीव टाकायचा आणि सारखा रडायचा. मला तो फार आवडे. काकी म्हणाली, "रडून झाल्यावर करतो काय तेवढं सांग." खरंच, तो काहीच करत नव्हता.

दुसऱ्या एका मालिकेत सून गुडघ्यांवर बसून फरशी पुसायची आणि सासू पुसलेल्या जागेवरून बोट फिरवायची. ती सासू काकीला डोळ्यांसमोर नको असे, आणि सूनही पसंत नव्हती. कारण तीच नटी राजवाड्याच्या गोष्टीत कपटी राणी झाली होती. "हिने सवतीला काढ्यातून काय घातलंन, ते मी विसरलेली नाय." मी म्हटलं, काकी, ती नटी आहे, कामं वेगवेगळी करते. "नटी असूंदे. हात तोच ना?"

एकच रीत तिला पटली होती. धाकटा माणूस थोरल्यासमोर दारू प्यायला बसला, की पेला दोन्ही हातांनी घेई आणि पिताना तोंड बाजूला फिरवी. पहिल्यांदा काकीला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. पण राजवाडा असो की चाळीतली खोली, सगळ्या मालिकांत जावई सासऱ्यासमोर असाच पिताना दिसला, तेव्हा ती म्हणाली, "एवढं तरी वळण लावलंन हां मेल्यांना."

अखेर एका शिमग्याला दिनू आला. एकटाच. मला वाटलं, काकीचा संशय खोटा ठरला. तिचे थोरले भाऊ भेटायला आले होते. दिनूने आणलेली परदेशी बाटली फोडली, दोन्ही हातांनी धरून मामांच्या पेल्यात ओतली. मग स्वतःचा पेला उचलला आणि पिताना तोंड भिंतीकडे फिरवलं.

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "दिनू, सासरा कसा हाय तुझा?"

मामा हसले. दिनू हसला नाही. "बोटीवरची सवय गो आये," एवढं कसंबसं म्हणाला. "बोटीवर पितास ते मित्रांबरोबर. ही घरातली सवय हाय," काकी म्हणाली. मग त्याने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. लग्न झालं होतं. मुलगी चालायला लागली होती. सासऱ्याचं बंदरावर दुकान होतं, ते आता यालाच चालवायचं होतं. म्हणजे तो इथे राहायला परत येणार नव्हता. तेच सांगायला आला होता आणि आल्यापासून तोंड उघडत नव्हतं.

मी कान टवकारून भांडणाची वाट बघत होते. काकीने ताट वाढलं आणि नातीचं नाव विचारलं. ते नाव तिने दोनतीनदा म्हणून बघितलं. निघताना त्याच्याबरोबर आमसुलं, कुळथाचं पीठ आणि नातीला चांदीचे वाळे दिले. "बायकोला सांग, मी फरशीवरून बोट फिरवणारी नाय," म्हणाली.

रिक्षा वळल्यावर ती ओटीवर टेकली. मी म्हटलं, "काकी, तुम्ही बरोबर ओळखलंत हो." असलं काही बोलायला नको होतं.

"चुकले असते तर बरं झालं असतं गो," ती म्हणाली. "संशय होता तवर अर्धा तरी माझा होता."

पुढेही आम्ही कॅसेटी लावायचो. मुद्दाम तिला चेतवावं म्हणून मी म्हणे, "काकी, हा माणूस मला लबाड वाटतो." ती पडद्याकडे बघत राही आणि म्हणे, "असेल गो. त्यालाही काय अडचण असेल." ते ऐकून मला रडू यायचं.