गोळी सोसते का?

बजाबाई माझी विहीण, माझ्या रेश्माची सासू. कडक भाकऱ्या करून विकते. चुलीपुढं बसून तिच्या हातावरची लव जळून गेलीय, पण "भाजलं गं बाई" म्हणून ओरडलेली कुणी ऐकली न्हाय. एकदा तापलेला तवा मनगटावर पडला, तर त्याच हातानं पुढची भाकरी थापली. म्हणाली, "पीठ मळलंय, वाया जाईल." लोक तिला सोशीक म्हणतात, कौतुक करतात. मला त्या कौतुकाचा लई राग येतो. कौतुक करणाऱ्यांपैकी एकजण तरी तवा उचलायला आला होता का?

अंगावरून जायचं तेही तिनं असंच झाकलं. चक्कर येऊन पिठाच्या परातीत पडली, तेव्हा कुठं डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल.

त्या दवाखान्यात एक अभ्यास चालला होता. ऑपरेशननंतर सूज आणि दुखणं उतरावं म्हणून काही बायांना नवी गोळी, काहींना जुनी. कुणाला कुठली, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं म्हणे. आंधळी कोशिंबीरच की! पण चैताली डॉक्टरीणबाईनं सगळं समजावून सांगितलं होतं, गोळीनं पोटाला त्रास होऊ शकतो हेसुद्धा. खोटं कशाला बोलू? जावई म्हणाले, "घे की आई भाग." बजाबाईनं मान डोलावली. मान डोलावण्यात ती पहिल्यापास्नं हुशार.

तिच्याजवळ मी राह्यले. चैताली रोज यायची, हातातल्या काचेच्या पाटीवर, त्या टॅबवर, बोट ठेवायची आणि विचारायची, "मावशी, गोळी सोसते का?"

"सोसते की."

"छान!" म्हणाली की चालली पुढच्या खाटेकडं.

पण बजाबाईचं ताट तसंच परत जाऊ लागलं. एका सकाळी मी तिला धरून संडासला नेलं, आणि बघते तर काय. डांबरासारखं काळं झालं होतं.

"विहीणबाई, हे कवापास्नं?"

"परवापास्नं आसंल."

"आन पोट?"

"जळतंय. आत कुणी लाकूड सारल्यागत."

"मग त्या पोरीला सोसते म्हणून का सांगता?"

"सोसतेच की मी! ती इचारती, सोसते का, मी म्हणते सोसते. न्हाय म्हणलं तर म्हणंल, एवढं बी सोसवंना व्हय हिला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरगी गोळीचं विचारत होती, ही स्वतःचं सांगत होती. शब्द एकच, आणि त्यात बाई मरायला टेकली होती.

मी अख्खा वॉर्ड गोळा होईल अशी हाक मारली. चैताली धावत आली. काळं झालंय ऐकताच तिचा चेहरा उतरला. गोळी बंद झाली, दुर्बिणीनं पोट बघितलं. आत जखम होऊन रक्त वाहत होतं. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या.

मोठे डॉक्टर मला म्हणाले, "आजी, आम्ही रोज विचारत होतो. त्या रोज हो म्हणाल्या."

"इचारत होता, पर तोंडाकडं बघत न्हवता," मी म्हणाले. "जेवली का, झोपली का, पोटात आग होती का, हे इचारायला काय झालं होतं? आन हितं बाकीच्या बी बाया हायेत. त्या काय सोसतायत, ते आजच इचारा."

त्यांना राग आला असावा. पण चैताली खाली मान घालून खाटेखाटेला फिरली. दुधनी गावच्या एका बाईची गोळी त्याच दिवशी थांबवली. तीपण रोज सोसतेच म्हणत होती.

संध्याकाळी जावई आले. म्हणाले, "आईनं सांगायला नको का?"

जावयाला बोलू नये म्हणतात. मी बोलले. "युवराज, ती गुडघं दुखतात म्हणाली की तुमी काय म्हणता? 'तुझं नेहमीचंच हाय.' मग ती हितं येऊन कुणाला सांगणार?"



दुसऱ्या दिवशी चैताली आली तर काचेची पाटी बाजूला ठेवून खाटेवरच टेकली. "मावशी, काय काय होतंय? सगळं सांगा."

बजाबाईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग कोपऱ्यात बसलेल्या लेकाकडं. तोंडातून "बरं..." निघालं, मी डोळे वटारले.

"आग होतीया," ती हळू म्हणाली. चैताली उठली न्हाय, तशी बाईला उमेद आली. "टाकं वढत्यात. ह्यो सलाईनचा हात सुजलाय. गुडघं तर तीन पावसाळं दुखत्यात. आन ही उशी! दगूड बरा हिच्यापरास."

चैताली सगळं कागदावर लिहून घेत होती. जावई उठले आणि उशी शोधायला गेले.