मुसळाचा वळ

खंडेनवमी आली की ते प्रकरण अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. शिरपूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शस्त्रपूजनासाठी रायफली कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून मांडल्या होत्या. हवालदार नारळ फोडणार, तेवढ्यात फोन वाजला. जवळच्या खेड्यातला एक माणूस धापा टाकत सांगत होता, "साहेब, सासूनी सुनले मुसयघाई मारं! मी खिडकीमाईन देखं!"

सून तोवर रुग्णालयात पोचली होती, बेशुद्ध. डॉक्टरांनी मनगटावरचा मुसळाचा काळानिळा वळ दाखवला. ती शुद्धीवर न येताच गेली तर गुन्हा खुनाचा होणार आणि सासूचं उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार, हे उघड होतं.

सासूला ठाण्यात आणून महिला कॉन्स्टेबलसमोर बसवलं. पदराला हळद लागलेली, साठी उलटलेली बाई. आरोपी किती आढेवेढे घेतात ते मला पाठ होतं. ही एका दमात म्हणाली, "हाव, मीच मारं."

रायटरने कबुली लिहायला पेन उघडलं. मी त्याला थांबवलं. मारणारा माणूस आधी गाऱ्हाणं सांगतो, मग मारल्याचं कबूल करतो. हिचं गाऱ्हाणंच नव्हतं.

"का मारलंत, अक्का?"

"नही मारतू ते मरी जाती ना ती! मिक्सरले चिकटी गयी व्हती. हात लावतू ते मी बी जातू. मना घरधनी आसाच वावरमा मोटरले चिकटी गया. तवयपासून ध्यानमा शे, सुकं लाकूडच पाहिजे."

रायटरला पेन बंद करायला सांगून मी जीप काढली.

घराचा पंचनामा केला. ओट्यावर जुना, पत्र्याचा मिक्सर, आतून अजून पाणी गळत होतं. अवजारांबरोबर सुनेने तोही मोटरसकट बादलीत बुचकळून धुतला होता. पूजेला ठेवण्याआधी चटणी वाटून घेऊ म्हणून ओल्या हातानेच बटण दाबलं. प्लगची मोठी, अर्थिंगची पिन कोणीतरी कधीच तोडून टाकली होती, दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून. आम्ही रायफलीला पाण्याचा थेंब लागू देत नाही, आणि इथे विजेच्या यंत्राला भक्तिभावाने अंघोळ!

संध्याकाळी सून शुद्धीवर आली. जबाबातलं तिचं पहिलं वाक्य होतं, "आत्याबाईनी मारं, म्हनीसन मी जित्ती शे." रायटरने ते जसंच्या तसं उतरवलं.

कबुली हाती आली तरी पुढचं एक 'का' विचारायचं, हे मी तिथे शिकलो. तपास त्या 'का'पासून सुरू होतो.

पुढच्या खंडेनवमीला त्या घरी मुद्दाम गेलो. नवा, तीन पिनांचा मिक्सर मोरीपासून लांब, उंच फळीवर होता, प्लग काढलेला, नुसता कोरड्या फडक्याने पुसलेला. सून हसून म्हणाली, "त्याले आते पानी नही, साहेब." पाटावर मात्र मुसळ होतं, हळदकुंकू लावलेलं. तिने ओवाळलं तेव्हा बांगड्या मागे सरल्या. वळ केव्हाच गेला होता, तरी माझी नजर तिथेच गेली. मी टोपी काढली आणि त्या लाकडाला वाकून नमस्कार केला.