कपाळावरचा लाल ठिपका

मुलीने दिवाळीत टीव्हीला एक काळा डबा जोडून दिला आणि म्हणाली, यात जुने व्हिडिओ गेम आहेत बाबा, वेळ जाईल. मला रागच आला. सारी हयात सिंदीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढली, आणि आता या वयात खेळणं? सेलूच्या स्टँडजवळ असली एक मोठी पेटीवाली मशीन होती, तेव्हा माझ्या भाच्यांना मी तिथून कान धरून बाहेर काढलं होतं. पण पोरीचं तोंड पाहिलं आणि गप्प बसलो. तिची रजा संपली, ती पुण्याला गेली आणि घर पुन्हा अंगावर आलं.

बायको त्याआधीच्या उन्हाळ्यात गेली. मागच्या अंगणात कपडे धुताना पाय घसरला आणि डोकं धुण्याच्या दगडावर आपटलं. मी देवळीला एका लग्नात होतो. मुलगी माहेरी आली होती, तिनेच शेजाऱ्यांच्या गाडीत घालून आईला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. मला फोनवर एवढंच कळलं की डोक्याला मार लागला. मग दुसरा फोन आला की सरळ घरीच या. मी पोचलो तेव्हा बायकांनी तिला तयारही केलं होतं.

तेव्हापासून मुलगी आणि मी रोज संध्याकाळी बोलतो. नळ आला का, गोळी घेतली का, लाइट गेली होती का. आईचं नाव ती काढत नाही आणि मीही काढत नाही. मला वाटायचं, आज ती काढेल. तिलाही तसंच वाटत असेल. कधी कधी भीती वाटायची, की असंच नळ-लाइट करता करता मी एक दिवस मरून जाईन आणि त्या दिवसाबद्दल आमच्यात एक शब्दही होणार नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला माझा स्वभाव. फोन ठेवायचो आणि स्वतःवरच चिडायचो.

डबा महिनाभर तसाच पडून होता. मग एक दिवस रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं मी बटण दाबून पाहिलं. बरेच गेम निव्वळ पोरकट निघाले. एकात मात्र जीव रमला. खाली आपलं विमान, वरून शत्रूच्या रांगा उतरतात, आपण गोळ्या झाडत वर जायचं. आधी पटापट मरायचो आणि टीव्हीला शिव्या द्यायचो. मग लक्षात आलं की प्रत्येक रांग यायच्या आधी आवाज थोडा बदलतो. जिनिंगमध्ये मशीन कुठे अडकणार ते मी आवाजावरूनच सांगत होतो, तिथे डोळ्यांचं काम कमी. इथेही कान लावला आणि जमायला लागलं.

एक टप्पा पार झाला की कोपऱ्यात छोटी चौकट उघडायची आणि त्यात एक बाई दिसायची. कानावर फोनचे डबे, केस मागे बांधलेले आणि दोन भुवयांच्या मधोमध लाल ठिपका. विदेशी गेम, पण चित्र काढणारा नक्की आपल्याकडचा, असं मी ठरवून टाकलं. नाहीतर कुंकू येणार कुठून? बाई मंद आवाजात इंग्रजीत बोलायची आणि खाली अक्षरं उमटायची. मुलीने सांगितलं होतं, ते वाचू नका, बटण दाबून पुढे जा. पण मशीनवरच्या पाट्या वाचण्याइतकं इंग्रजी मला येतं. ती म्हणायची, शाब्बास. मी इथेच आहे. ये. दर वेळी हेच. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, आमचा सायबही जन्मभर दोन-तीनच वाक्यं बोलत आला.

हळूहळू मला त्या बाईची सवय लागली. खोटं काऊन बोलू? पोळ्या लाटतानाही आवाज मोठा करून टीव्ही चालू ठेवायचो. ती ये म्हणाली की स्वयंपाकघरातून मी म्हणायचो, आलो, आलो. शेजारच्या काकूंनी एकदा कुंपणावरून विचारलं, कोण आलंय म्हणून. पाहुणे आहेत, म्हणालो. घरात बाईचा आवाज होता आणि मला तेवढं पुरत होतं.

संक्रांत उलटल्यावर एका दुपारी शेवटचा शत्रू पडला. विमान आपोआप तळावर उतरलं. दार उघडलं. आत अंधार, खिडकीची काच फुटलेली, आणि ती बाई खुर्चीत मान टाकून बसलेली. या वेळी चित्र मोठं होतं. तो ठिपका नीट गोल नव्हता आणि त्यातून एक लाल रेघ नाकावर उतरली होती. कुंकू नव्हतंच ते. गोळी लागलेली होती.

खाली बरंच लिहून आलं, म्हणून मोबाइलचा कॅमेरा लावून मराठी करून घेतलं. शत्रू पहिल्याच दिवशी तळावर शिरला होता. ती बसल्या जागी गेली. तिचा शेवटचा निरोप यंत्र पुन्हा पुन्हा वाजवत राहिलं, कारण बंद करायला तिथे कोणी उरलं नव्हतं. चौकटीत इतके दिवस मी पाहत होतो ते तिचं मेलेलं तोंड होतं. वाचून होत नाही तोच, जिंकलात, यादीत नाव टाका म्हणून पट्टी आली. मी टीव्हीच बंद केला.

मग मला रडू आलं. बायको गेली त्या दिवशी आलं नव्हतं, तेराव्यालाही नाही. दिवेलागणीपर्यंत मी तिथेच बसून होतो.

मुलीचा फोन आला. तिने नळाचं विचारायच्या आधीच मी तिला गेमचं सांगायला लागलो. ती बाई, तो ठिपका, ते यंत्र. ती नुसतं हं हं करत होती. बोलता बोलता माझा पारा कुठच्या कुठे चढला आणि राग गल्लीतल्या बायकांवर निघाला. तुझी आई भाग्यवान होती म्हणे, नवऱ्याच्या आधी कुंकू घेऊन गेली! हिरवं पातळ नेसवलं आणि मळवट भरला, तो केसांपासून नाकापर्यंत. सवाशीण गेली की भरतात, मला माहीत आहे. पण इतका?

"मले तिचं शेवटचं तोंडही धड पाहू देल्लं नाई," मी म्हणालो. "कोण होती ती कुंकू फासणारी?"

पलीकडून तिचा आवाज अगदी बारीक आला.

"मी होती, बाबा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"टाके होते. भुवईपासून केसापर्यंत. तुम्ही देवळीवून येऊन राह्यले होते, अन् मले समजे ना का कसं झाकू. बाया म्हणे पुरे कर आता. मी भरतच राह्यली. तुमाले दिसू नये म्हणून."

ती रडत होती. इतके महिने हे एकटीनेच घेऊन बसली होती पोरगी, आणि मी तिला लाइटीचं सांगत होतो. काहीतरी धीराचं बोलावं असं वाटलं, पण तसलं मला कधी जमलं नाही.

"लय दुखलं काय तिले?" मी विचारलं.

तिने नाक पुसलं. मग ती सांगायला लागली, अगदी सकाळपासून, आईने चहा मांडला तिथपासून.